दात कोणाचे? प्रौढांची दंतचिकित्सा आणि आपला सरकारी दवाखाना

तत्त्वज्ञानाच्या मास्तराचं दातांपाशी काय काम, असा प्रश्न आजच्या विषयाचं नाव वाचून काहींना पडला असेल. पण दातदुखी हा आमच्या विषयात चांगला मुरलेला प्रश्न आहे. लुडविग विट्गेन्स्टाइन १९३०च्या दशकात केंब्रिजला शिकवत होता, तेव्हा वेदनेविषयी बोलताना तो पुन्हा पुन्हा दातदुखीचं उदाहरण घ्यायचा. तुमची दाढ दुखते आहे हे मला कशावरून कळतं? माझी दातदुखी तुम्हाला होऊ शकते का? आपल्याला सहज वाटतं की वेदना ही आतली, खाजगी गोष्ट आहे, तिथे दुसऱ्याला प्रवेश नाही. विट्गेन्स्टाइनने या समजुतीला हात घातला. लहान मूल गालाला हात लावून रडतं, आई म्हणते, ‘दाढ दुखते का रे?’ आणि तिथे ते मूल ‘दुखणं’ हा शब्द शिकतं. म्हणजे वेदनेची भाषा आपण शिकतो ती चारचौघांत. सगळंच खाजगी असतं तर आपल्याला तिच्याविषयी बोलताही आलं नसतं.

आपल्या राज्यव्यवस्थेने मात्र हा वाद केव्हाच निकालात काढला आहे. तिच्या लेखी दातदुखी खाजगी. ज्याची दाढ, त्याचा खिसा.

आज आम्ही फार मोठा पट मांडणार नाही. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांपुरतं बोलू. २०११ च्या जनगणनेत नांदेडची लोकसंख्या साधारण साडेतेहतीस लाख होती आणि लातूरची साडेचोवीस लाख. दोन्ही मिळून अठ्ठावन्न लाख, म्हणजे जवळजवळ डेन्मार्क देशाएवढी माणसं. यांतला जो गरीब आहे आणि कमावत्या वयाचा आहे, त्याच्या दाताला सरकारी व्यवस्थेत जागा कुठे आहे, हा आजचा प्रश्न.

आधी याद्या बघू. सरकार काय मानतं हे भाषणांतून कळत नाही, याद्यांमधून कळतं. फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघरला, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची अंगणवाडीत आणि शाळेत तपासणी करायची, आणि ठरवलेल्या आजारांवर पुढे उपचार मिळवून द्यायचे. त्या आजारांच्या यादीत दातांचे आजार आहेत. उत्तम. आता दुसऱ्या टोकाला या. २०१७ मध्ये केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना आली. दारिद्र्यरेषेखालच्या, साठी ओलांडलेल्या माणसांना शिबिरं घेऊन साधनं द्यायची: काठी, कुबडी, श्रवणयंत्र, चाकाची खुर्ची, चष्मा, आणि कवळी. हो, कवळी त्या यादीत आहे.

म्हणजे अठरापर्यंत दात तपासायचे आणि साठीनंतर कवळी द्यायची. मधली बेचाळीस वर्षं? दात टिकवायचे असतात ते याच वर्षांत. याच वर्षांत माणूस राबतो, संसार करतो, पोरांची लग्नं करतो. ‘दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत’ ही म्हण आपण नशिबावर टाकत आलो. इथे ती चक्क धोरण झाली आहे.

(आपल्या राज्याने २०२४ मध्ये स्वतःची मुख्यमंत्री वयोश्री योजना काढली. पासष्टीपुढच्यांना एकदाच तीन हजार रुपये, साधनं घेण्यासाठी. तिच्या यादीत चष्मा आहे, श्रवणयंत्र आहे, गुडघ्याचा पट्टा, कमरेचा पट्टा, मानेची कॉलर, कमोडची खुर्चीसुद्धा आहे. कवळीचं नाव नाही. केंद्राला सात वर्षांपूर्वी आठवलेली कवळी राज्य विसरलं.)

आता कुणी म्हणेल, योजना नसेल, पण दवाखाना तर आहे ना? आहे. तेही नीट बघू. समजा, मुखेड तालुक्यातला अडतीस वर्षांचा एक शेतमजूर आहे. दाढ ठणकायली. पहिले दोन दिवस लवंग, मग तंबाखूची चिमूट दाढेखाली, मग मेडिकलवरून चिठ्ठीशिवाय आणलेल्या दोन गोळ्या. चौथ्या रात्री झोप नाही. पाचव्या दिवशी रोज बुडवून तो सरकारी दवाखान्यात जातो. केसपेपर काढतो, खुर्चीत बसतो आणि डॉक्टरांना स्वतःच सांगतो, ‘काढून टाका साहेब.’ दाढ निघते, ठणका थांबतो, माणूस आशीर्वाद देत घरी जातो. सगळ्यांना वाटतं, उपचार झाला.

झालं काय? वाचण्याजोगा एक अवयव कायमचा गेला. बोटाला जखम झाली म्हणून कुणी बोट कापून ‘बरं केलं’ म्हणालं तर आपण ऐकून घेऊ का? दाढेच्या बाबतीत मात्र आपण ऐकून घेतो, रुग्णही घेतो, आणि डॉक्टरलाही दोष देता येत नाही. तो दोष का देता येत नाही हे समजायला दंतविभागातल्या खुर्चीचं यंत्र समजून घ्यावं लागेल. इथे आम्ही जरा रेंगाळणार आहोत, कारण सगळं मर्म त्या खुर्चीत आहे.

दात काढायला काय लागतं? बधिर करणारं लिग्नोकेनचं इंजेक्शन, मुळं सैल करायचं एलिव्हेटर, चिमटा, कापूस, आणि तयार हात. वीज गेली तरी खिडकीच्या उजेडात दात निघतो. दात वाचवायला काय लागतं? कीड कोरायला हवेच्या दाबावर फिरणारा एअरोटर. त्याला हवा द्यायला कॉम्प्रेसर. तो गरम होऊ नये म्हणून पाण्याची धार, म्हणजे टाकीत पाणी हवं. तोंडातलं पाणी ओढायला सक्शन. मग भरायचं सिमेंट, ते संपलं की मागणीपत्र. कीड नसेपर्यंत गेली असेल तर रूट कॅनल. त्याला दाताचा एक्स-रे हवा, बारीक सुयांचे संच हवेत, आणि दोन-तीन बैठका हव्यात. रूट कॅनल झालेली दाढ पोकळ मडक्यासारखी असते, तिच्यावर कॅप हवी, आणि कॅप बनवायला प्रयोगशाळा हवी. ग्रामीण रुग्णालयात ती कुठून असणार? या साखळीतली एक कडी तुटली, समजा कॉम्प्रेसर बिघडला आणि दुरुस्तीचा कागद जिल्ह्याला गेला, की लाखमोलाची खुर्ची निव्वळ खुर्ची उरते. मग तिच्यात बसवून जे करता येतं ते एकच. दात काढणं. यंत्रं मोडली, माल संपला, वीज गेली, तरी जो उपचार शिल्लक राहतो तोच शेवटी ‘सरकारी उपचार’ होऊन बसतो. कुणी तसं ठरवलेलं नसतं. गाळणीतून तेवढंच खाली येतं.

आणि माणूस येतोच मुळी उशिरा. याचं कारण त्याच्या अडाणीपणात शोधू नका, दाताच्या रचनेत शोधा. दाताचं वरचं कवच हा आपल्या शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ, आणि त्यात नस नाही. कीड तिथे महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे काम करते आणि कळतही नाही. कवच फोडून ती आतल्या थरात शिरली की थंड-गोड झोंबायला लागतं. नसेपर्यंत पोचली की ठणका. म्हणजे वेदना हा साक्षीदार सगळं घडून गेल्यावर कोर्टात येतो. आमच्या क्षेत्रातही वेदनेला फार खरी साक्षीदार मानतात, पण ती वेळेवर येईल याची हमी कुणी दिलेली नाही. दुखलं की या, अशी वाट बघत बसलेला दवाखाना दातांच्या बाबतीत हरणारच.

आता योजनांकडे. ज्याला आपण आज महात्मा जोतिबा फुले जनआरोग्य योजना म्हणतो, ती आधी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना होती. २ जुलै २०१२ ला पहिल्या टप्प्यात ती राज्यातल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, आणि त्या आठांत नांदेड होतं. लातूर आणि बाकीचं राज्य नोव्हेंबर २०१३ मध्ये आलं. २०१७ मध्ये नाव बदललं. सुरुवातीला कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचं संरक्षण होतं, २०२३ मध्ये ते पाच लाख करायचं ठरलं आणि उपचारांची संख्या १३५६ झाली. या योजनेने आपल्या भागातले हजारो जीव वाचवले, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. हृदयाची शस्त्रक्रिया हे जे काम आधी जमीन विकून व्हायचं, ते कार्ड दाखवून व्हायला लागलं.

पण या योजनेचा पाया बघा. ती खाटेवर उभी आहे. रुग्ण दाखल झाला, शस्त्रक्रिया झाली, घरी गेला, की रुग्णालयाला पैसे. दाढेत सिमेंट भरायला कुणी खाटेवर झोपत नाही. म्हणून दाढ बाहेर. अपघातात जबडा मोडला तर आत. तोंडाचा कर्करोग झाला तर आत. रूट कॅनल बाहेर. एका ओळीत सांगायचं तर तुमचं तोंड सरकारी होण्यासाठी आधी ते पुरतं बिघडावं लागतं.

इथे एक दुष्टचक्र आहे आणि त्याकडे पुरेसं लक्ष जात नाही. २०१६-१७ च्या प्रौढांच्या तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरतात असं दिसलं, आणि २४.४ टक्के ती चघळून, चोळून, दातांना लावून वापरतात. बायकांमध्ये मिश्री. आता मिश्री आणि दाढेखालची ती चिमूट ही बऱ्याच घरांत औषध म्हणून शिरते. दाढ दुखते, तंबाखूने जरा बधिर होतं, दुखणं गेलं तरी तंबाखू राहते. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. नांदेडला तेलंगण आणि कर्नाटक दोन्ही लागून, त्यामुळे त्या बंदीचं काय होतं ते तुम्हाला आमच्यापेक्षा अधिक माहीत असेल. पुढे तोंड उघडेनासं होतं, घास तिखट लागतो, गालात चट्टा येतो. ज्या दाढेवर सुरुवातीला एका भरणीचा खर्च करायला यादीत जागा नव्हती, त्याच तोंडावर शेवटी लाखोंची शस्त्रक्रिया होते आणि तिचे पैसे सरकारच भरतं. दात कोरून पोट भरत नाही, म्हणतात ना, ते हेच.

तिशीपुढच्या प्रत्येकाच्या तोंडाची कर्करोगासाठी तपासणी करायची, असं आरोग्य केंद्रांना सांगितलेलं आहे. आशाताई घरी येऊन फॉर्म भरते, तोंडात जखम आहे का, तोंड उघडायला त्रास होतो का, विचारते. चांगलं आहे. पण त्या उघडलेल्या तोंडात किडलेल्या चार दाढा दिसल्या तर तिने कुठे पाठवायचं? उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी केंद्रं झाली, तेव्हा त्यांच्या बारा सेवांच्या यादीत मौखिक आरोग्यही लिहिलं गेलं. २०१४-१५ पासून राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम आहे, त्यातून जिल्हा आणि तालुका पातळीवरच्या दवाखान्यांत दंतविभागाला खुर्ची, डॉक्टर, सहायक द्यायचे आहेत. कागद वाईट नाहीत. पण जिथे डॉक्टर कंत्राटी, सहायक असेल तर असेल, आणि तालुकाभर माणसांना एक खुर्ची, तिथे कागदाची धाव चिमट्यापर्यंतच पोचते.

मग जायचं कुठे? राज्य शासनाची दंत महाविद्यालयं दीर्घकाळ तीनच राहिली: मुंबई, नागपूर आणि औरंगाबाद, आजचं छत्रपती संभाजीनगर. नांदेडहून किंवा लातूरहून संभाजीनगर अडीचशे किलोमीटरच्या घरात. एका रूट कॅनलला तीन फेऱ्या धरा. रोजगार हमीची मजुरी २०२५-२६ साठी दिवसाला ३१२ रुपये होती. तीन दिवसांचा रोज, तीन वेळचं भाडं, सोबत कुणी असेल तर दुप्पट. फुकट उपचार असा महाग पडतो. आम्हा पंचाहत्तरीपुढच्यांना एसटी मोफत आहे, बायकांना अर्धं तिकीट आहे, तेव्हा एसटीचे आभारच. फक्त प्रवास मोफत होऊन पोचल्यावर जे हवं ते तिथे असायला हवं. आणि तरुण मजुराला तर पूर्णच तिकीट.

नांदेड-लातूर शहरांत दंत महाविद्यालयं आहेत, पण ती खाजगी. त्यांच्याबद्दल न्यायाने बोललं पाहिजे. विद्यार्थ्याला हात बसवायला रुग्ण लागतात, म्हणून तिथे उपचार स्वस्तात होतात, खेड्यांत शिबिरं होतात, बसने रुग्ण आणले जातात. जी सेवा सरकारने द्यायची तिचा मोठा भाग आज हे विद्यार्थी देतात. मात्र तिथे गरीब माणूस हक्काने जात नाही, अभ्यासाचं साहित्य म्हणून जातो. विद्यार्थी हळू काम करतो, बैठका वाढतात, परीक्षा आली की काम थांबतं. आणि संस्थेने उद्या दर वाढवले तर कुणाकडे दाद मागणार?

आमच्या भागाची यात एक खास गंमत आहे. गंमत म्हणायचं, पण हसू येत नाही. ‘लातूर पॅटर्न’ने देशाला डॉक्टर पुरवले. नांदेडच्या शिकवण्यांतही दरवर्षी हजारो पोरं नीटची तयारी करतात. एमबीबीएस हुकलं की बीडीएस. बापाने शेत गहाण ठेवून दंतवैद्य केलेल्या मुलाला सरकारी पद मिळत नाही, कारण पदंच मोजकी. मग तो कर्ज काढून खुर्ची घेतो, डॉक्टर लेनसारख्या गल्लीत शंभर फुटांवर चौथा दवाखाना थाटतो, आणि हप्ते फेडायचे म्हणून त्याला रूट कॅनल आणि कॅपचे काही हजार घ्यावेच लागतात. इकडे खुर्चीवर बसून रुग्णाची वाट बघणारा डॉक्टर, तिकडे गालाला फडकं बांधून बसलेला रुग्ण, आणि मधे फक्त पैसा. टंचाई दंतवैद्यांची नाही. जोडणारा पूल नाही.

‘सरकारी सेवा घटली म्हणता, पण ती होती कधी?’ असं कुणी विचारलं तर प्रश्न रास्त आहे. सोन्याचा काळ कधीच नव्हता. आमच्या लहानपणी दात काढायलाही मोठ्या गावाला जावं लागे. पण प्रमाण बघा. तेव्हा खेड्यात साखर सणाला दिसायची, आज पाच रुपयांचा बिस्किटपुडा आणि शीतपेय प्रत्येक टपरीवर आहे. आयुष्य लांबलं, मधुमेह वाढला, आणि मधुमेह व हिरड्यांचे आजार एकमेकांना पोसतात. तीन दशकांपूर्वी जे दात कुणालाच वाचवता येत नव्हते ते आज वाचवता येतात, फक्त पैसेवाल्याला. आजार वाढला, विद्या वाढली, सरकारी खुर्ची तेवढीच राहिली. याला घट नाही तर काय म्हणायचं?

शिवाय लातूरची एक अडचण वेगळी. २००२ मध्ये तिथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झालं, जुनं जिल्हा रुग्णालय त्याच्याकडे गेलं, आणि स्वतंत्र जिल्हा रुग्णालयाची मागणी लातूरकर वर्षानुवर्षे करत राहिले. याचा अर्थ काय होतो ते १५ ऑगस्ट २०२३ ला कळलं. त्या दिवसापासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत सगळे उपचार निःशुल्क झाले, पण वैद्यकीय शिक्षण विभागाच्या रुग्णालयांना तो निर्णय लागू नव्हता. पाटीवर कुठल्या खात्याचं नाव आहे त्यावर गरिबाचा केसपेपर फुकट की नाही हे ठरलं. नांदेडला निदान गुरुगोविंदसिंगजी स्मारक जिल्हा रुग्णालय वेगळं आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस मृत्यू झाले, त्यांत बारा नवजात बाळं होती. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. घ्यायलाच हवी होती. जिथे बाळं जातात तिथे दाढेचं काय घेऊन बसलात, असं वाटणं स्वाभाविक आहे. पण मोठ्या दुःखाने लहान दुःख खोटं ठरत नाही, आणि ज्या खात्याला एक कॉम्प्रेसर वेळेवर दुरुस्त करता येत नाही त्याला मोठी यंत्रंही नीट राखता येत नाहीत.

आता एका आक्षेपाशी थांबायला हवं. सुशिक्षित माणसं तो हमखास घेतात. ‘हे लोक तंबाखू खातात, दात घासत नाहीत, मग आमच्या करातून यांचे दात का?’ या युक्तिवादात एक विसंगती आहे. बिडी ओढणाऱ्याच्या हृदयात स्टेंट घालताना योजना त्याला सवयी विचारून परत पाठवत नाही. आणि तेच बरोबर आहे. मग दाढेपाशी आल्यावरच आपल्याला नीतिशास्त्र का आठवतं? आमचं निदान असं की दात दिसतात. हृदय दिसत नाही. दिसणाऱ्या अवयवावरून आपण माणसाचं चारित्र्य वाचतो.

आणि नांदेड जिल्ह्याचं उदाहरण तर हा आक्षेप मुळातच उखडून टाकतं. जिल्ह्याच्या काही भागांत भूजलात फ्लोराइड जास्त आहे. लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं की ते पाणी पिण्याच्या मानकात बसत नाही. केंद्राचा फ्लोरोसिस प्रतिबंध कार्यक्रम २००८-०९ मध्ये आला, त्यात नांदेड घेतलं गेलं. ज्या वयात दात हिरडीच्या आत घडत असतात, म्हणजे पहिल्या सात-आठ वर्षांत, असं पाणी पोटात गेलं तर दात तपकिरी, डागाळलेले, खड्डे पडलेले येतात. ते नंतर घासून जात नाहीत. १९७२ च्या दुष्काळानंतर गावोगाव हातपंप आले, विंधन विहिरी खोल खोल गेल्या. सरकारने चांगल्या हेतूने पाणी दिलं आणि त्या पाण्याने पिढीच्या दातांवर सही केली. आता तो मुलगा तिशीचा झाला. त्याच्या दातांवर उपचार मागितला तर उत्तर येतं, ही सौंदर्याची बाब आहे. कुणाचं सौंदर्य? कुणाचं पाणी?

‘सौंदर्याची बाब’ हा शब्द फार सोपा करून वापरला जातो. ॲडम स्मिथने १७७६ मध्ये गरज कशाला म्हणायचं याची चर्चा करताना लिननच्या सदऱ्याचं उदाहरण दिलं. जगायला लिननचा सदरा लागत नाही, जुने ग्रीक-रोमन त्याविना सुखात होते. पण स्मिथच्या काळच्या मजुराला त्याविना चारचौघांत जाण्याची लाज वाटे, म्हणून तो गरजेच्या यादीत. आज समोरचे दोन दात नसलेल्या पोराला मोबाइलच्या शोरूममध्ये ठेवून घेतील का? डागाळलेल्या दातांच्या मुलीला लग्नाच्या बोलणीत काय ऐकावं लागतं? बोलताना तोंडावर पदर किंवा हात धरणारी माणसं तुम्ही पाहिली असतील. दात हा आजचा लिननचा सदरा आहे. आणि चावण्याचं तर विसरूच नका. आमच्या भागात अन्न म्हणजे ज्वारीची भाकरी. दाढा गेल्या की भाकरी सुटते, हिवाळ्यातला हुरडा सुटतो, शेंगदाणे सुटतात. माणूस चहात बुडवलेल्या पावावर, मऊ भातावर येतो. चाळिशीतल्या मधुमेह्याला याहून वाईट पथ्य कोणतं?

जगात काय आहे ते थोडक्यात. हात आखडला की सगळीकडे दात आधी कापले जातात. ब्रिटनची आरोग्यसेवा ५ जुलै १९४८ ला सुरू झाली, दातांसह मोफत. तीनच वर्षांत, १९५१ मध्ये, कवळ्या आणि चष्म्यांवर शुल्क लावलं गेलं आणि त्या निषेधार्थ सेवेचा शिल्पकार अन्यूरिन बेव्हन मंत्रिपद सोडून गेला. फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्रिस्टलला एका दवाखान्यात सरकारी दराने दात दाखवायला नावनोंदणी सुरू होताच शेकडोंची रांग लागली आणि पोलीस बोलवावे लागले. अमेरिकेतल्या वृद्धांच्या मेडिकेअरने १९६५ पासूनच नेहमीची दंतसेवा वगळली. आता दुसरी बाजू. थायलंडने २००२ च्या सार्वत्रिक आरोग्य योजनेत दात काढण्याबरोबर भरणं, सफाई आणि साधी कवळीही घेतली. ब्राझीलने २००४ मध्ये ‘हसरा ब्राझील’ अशा नावाचा कार्यक्रम काढून दंतपथकं सार्वजनिक आरोग्यसेवेत आणली. हे देश डेन्मार्क नाहीत. आणि आपल्याच देशात बघा. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या सीजीएचएस योजनेत दात भरण्याचे, रूट कॅनलचे, कवळीचे दर ठरलेले आहेत. माजी सैनिकांच्या ईसीएचएस दवाखान्यांत दंतवैद्य असतो. म्हणजे रूट कॅनलची किंमत सरकारला ठरवता येते, बिल तपासता येतं, पैसे देता येतात. माणूस साहेब किंवा जवान असला म्हणजे झालं.

वीज नाही, यंत्र नाही, ही सबबही आता तेवढी टिकत नाही. १९८० च्या दशकात टांझानियात एक पद्धत घडली: हातातल्या साध्या हत्यारांनी मऊ कीड खरवडायची आणि ग्लास आयनोमर नावाचं चिकटणारं सिमेंट भरायचं. एअरोटर नको, कॉम्प्रेसर नको. ते सिमेंट आणि कीड थांबवणारं चांदीयुक्त औषध हे दोन्ही जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातले. प्रत्येक दाढ यातून वाचणार नाही. पण मुखेडच्या त्या मजुराची दाढ दोन वर्षांपूर्वी कुणी पाहिली असती, तर बहुधा वाचली असती. योजनेतही फार उलथापालथ नको. खाटेविना होणारे दहा-बारा दंतोपचार दर ठरवून यादीत घाला, आणि त्या गल्लीतल्या रिकाम्या खुर्च्यांना त्याच दराने काम द्या.

ज्यांना हे पुढे न्यायचं आहे त्यांना एक छोटं काम सांगतो. आपल्या तालुक्याच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयाला माहिती अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर दोन आकडे विचारा: गेल्या वर्षी किती दात काढले, आणि किती भरले. तिसरा प्रश्न सुचला तर, खुर्चीचा कॉम्प्रेसर किती दिवस बंद होता. उत्तर आलं की या मालिकेच्या आयोजकांकडे पाठवा. सोळा तालुके नांदेडचे, दहा लातूरचे, सव्वीस उत्तरं होतात. आता प्रश्न घेऊ.